दिवाळीआधीचा एकच शनिवार-रविवार : चकली, आकाशकंदील, किल्ला आणि ऑफिसचं काम

शमी | गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. यंदा वसुबारस शुक्रवारी १७ तारखेला आणि लगेच १८ला धनत्रयोदशी. म्हणजे तयारीला ११-१२ ऑक्टोबरचा एकच शनिवार-रविवार. घरात आम्ही दोघं, सासूबाई, दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं. शनिवारी १२ ते २ ऑफिसचा कॉल आहे, तो हलत नाही. रविवारी रात्री एक रिपोर्ट पाठवायचा आहे, त्याला दीड तास लागेल.

करायचं ठरलंय ते असं : चकली (भाजणी घरचीच, अजून केलेली नाही), पातळ पोह्यांचा चिवडा, कामट्यांचा आकाशकंदील आणि मुलांचा किल्ला. लाडू-करंज्या विकतच्या.

कच्चा आराखडा : शनिवारी सकाळी भाजणी, कॉलनंतर कंदील, रविवारी दिवसभर तळण, किल्ला पुढच्या शनिवारी. कुठे अडेल ते सांगा. प्रमाणं नेमकी द्या, कृपया.

---

बुरूज | रात्री १०:०५

किल्ला पुढच्या शनिवारी नको, याच शनिवारी आधी किल्ला. अळीव पेरल्यापासून डोंगर हिरवा दिसायला चार ते पाच दिवस लागतात. ११ला संध्याकाळी पेरलंत तर १६ला हिरवळ येते, वसुबारसेला किल्ला तयार. १८ला पेरलंत तर भाऊबीज २३ला, म्हणजे किल्ला हिरवा होईपर्यंत दिवाळी सरलेली असेल. सविस्तर उद्या लिहितो.

---

ओंजळ | रात्री १०:३०

शमीताई, भाजणीची सुरुवात शनिवारी सकाळी केलीत तर तिथेच अडाल. धुतलेले तांदूळ-डाळी वाळायला रात्र लागते. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की धुऊन पसरा.

साधारण १ किलो भाजणीचं प्रमाण :
तांदूळ ५०० ग्रॅम (जुना, जाड चालेल)
हरभरा डाळ २५० ग्रॅम
मूग डाळ १२५ ग्रॅम
उडीद डाळ ६० ग्रॅम
धने २५ ग्रॅम, जिरे १० ग्रॅम

तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या धुवा. डाळी भिजत ठेवायच्या नाहीत, दोन पाण्यांतून भराभर काढायच्या, नाहीतर सकाळपर्यंत आतून ओल्याच राहतात. चाळणीत अर्धा तास निथळू द्या आणि मग सुती कापडावर एकेरी थरात, पंख्याखाली. सकाळी मूठ आवळून सोडली की दाणा हाताला चिकटता कामा नये.

भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा, आच मंद ते मध्यम. तांदूळ पांढराशुभ्र, हलका झाला आणि दाताखाली सहज फुटला की उतरवा. डाळी खमंग वास येऊन जेमतेम गुलाबी होईपर्यंतच. धने-जिरे फक्त गरम करायचे. एवढ्या प्रमाणाला सगळं धरून ४५ ते ५० मिनिटं लागतात. डाळ लाल होईपर्यंत भाजलीत की चकली तेलात आधी काळपट दिसते, आपण घाईने काढतो आणि आतून ती कच्ची राहते. बिघडलेल्या भाजण्यांत ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. उडीद डाळही वाढवू नका, चकली टणक होते.

गिरणीत न्यायच्या आधी पूर्ण गार होऊ द्या, किमान तासभर. गव्हाच्या मागून दळायला देऊ नका. पात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ मिसळतं आणि पिठाला चिवटपणा येतो. हरभरा डाळ किंवा तांदूळ दळून झाला असेल त्याच्या मागे टाकायला सांगा. दळण बारीक हवं. घरी आल्यावर पीठ कागदावर पसरा, गरम पीठ डब्यात भरलंत तर झाकणाला पाणी सुटून गुठळ्या होतात.

वेळ : भाजणं ७ ते ८, गार ९ पर्यंत, गिरणी साडेनऊ ते साडेदहा. दिवाळीच्या आठवड्यात गिरणीत रांग असते, म्हणून त्याआधीचा शनिवार सकाळचा वेळ सोडू नका. गिरणीची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्या.

---

तिसरामजला | रात्री ११:१०

आराखडा करताना कामांची यादी करू नका, थांबण्याच्या वेळांची करा. वाळणं, गार होणं, मुरणं, चिकटणं, उगवणं. हाताला लागणारा वेळ फार नसतो. कॉल आणि रिपोर्ट या थांबण्याच्या वेळांत बसवायचे. तुमचा १२ ते २चा कॉल म्हणजे पोहे उन्हात वाळण्याची वेळ. ऑक्टोबरचं ऊन त्या दोन तासांत पुरेसं कडक असतं.

दुसरं, तेलाची आणि कागदाची कामं एकाच खोलीत, एकाच दुपारी नकोत. पतंगी कागदाला तेलकट बोट लागलं की डाग पारदर्शक दिसतो आणि दिवा लावल्यावर जास्त उठून दिसतो. कंदील पूर्ण शनिवारी आणि तळण पूर्ण रविवारी, हे तुमचं बरोबर आहे.

तिसरं, कॉलबद्दल. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा कामट्या बांधणं, झिरमिळ्या कातरणं चालतं. निर्णय द्यायचा असेल तर हात रिकामे ठेवा. कढई गॅसवर असताना कॉल घ्यायचाच नाही. तापलेलं तेल, घरात लहान मुलं आणि कानात दुसऱ्याच गावचा आवाज, हे एकत्र नको. रविवारी ११ ते २ फोनवर मिळणार नाही, असं टीमला उद्या शुक्रवारीच लिहून कळवा. आदल्या रात्री कळवलं तर कुणी वाचत नाही.

---

सुतळी | शुक्रवार, १० ऑक्टोबर, सकाळी ७:५०

कंदिलाचं लिहितो. बारा कोपऱ्यांचा पारंपरिक कंदील करा, मुलांना भूमितीही कळते. सहा सारखे चौकोन, ते एकमेकांना फक्त कोपऱ्यांत जोडलेले. मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात.

सामान :
बांबूच्या कामट्या २४, प्रत्येकी २२ सेंमी लांब, ४-५ मिमी रुंद. शिवाय चार जास्तीच्या, कारण एक-दोन चिरतातच.
जाड सुती दोरा १ रीळ, फेव्हिकॉल
पतंगी कागद दोन रंगांत
मैदा २ मोठे चमचे, खळीसाठी
होल्डर, वायर, ५ वॉटचा एलईडी बल्ब

आधी कामट्यांना पॉलिश पेपर मारा, कुसळं मुलांच्या बोटात जातात. चौकोन करताना टोकं १-१ सेंमी बाहेर ठेवून एकावर एक आडवी ठेवा. म्हणजे आतली बाजू बरोबर २० सेंमी राहते. इंग्रजी आठच्या आकारात दोऱ्याचे चार-पाच वेढे, गाठ, वर फेव्हिकॉलचा थेंब.

आता जिथे बहुतेकांचा कंदील तिरका होतो ती जागा. त्रिकोण कधी वाकत नाही, चौकोन मात्र शंकरपाळ्यासारखा कलतो. म्हणून प्रत्येक चौकोनात दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधा. एकच कर्ण बांधून भागत नाही, कारण दोरा ओढ सहन करतो, दाब नाही. २० सेंमीच्या चौकोनाचा कर्ण २८.३ सेंमी. दोन्ही कर्ण तेवढेच भरले तर चौकोन काटकोनात आहे. मोजपट्टी मोठ्या मुलाच्या हातात द्या.

जोडणी : एक चौकोन जमिनीवर आडवा. त्याच्या चार कोपऱ्यांना चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून बांधा, पतंगासारखे. मग शेजारशेजारच्या उभ्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना. शेवटी वरचे चार कोपरे सहाव्या चौकोनाला. कंदिलाची उंची साधारण २८ सेंमी येते. वरच्या चौकोनातले कर्णाचे दोरे बल्ब घालताना आड येतात, तेव्हा सगळं बांधून फेव्हिकॉल वाळल्यावर तेवढे दोन कापा. बाकीचे ठेवा, उभ्या चौकोनांतले कागदामागे दिसत नाहीत.

कागद : चार उभ्या चौकोनांना एक रंग, आठ त्रिकोणांना दुसरा. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, हवा खेळते. सगळीकडे १ सेंमी पदर सोडायचा तर चौकोन २२ × २२ सेंमी कापा. त्रिकोणाची बाजू मात्र २२ नाही, २३.५ सेंमी लागते. टोकाशी पदर लांबतो हे लक्षात न आल्याने त्रिकोण तोकडे पडतात आणि मग ठिगळं लावावी लागतात.

खळ : २ चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मंद आचेवर ढवळत चकाकी येईपर्यंत शिजवा, गार करा. जुन्या पद्धतीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, सहा वर्षांचं मूल हात घालणार असेल तर अजिबात नको. खळ कामटीला लावा, कागदाला नाही. कागद ओला झाला की सुरकुततो आणि ओढला की फाटतो. सैलसर टेकवून पदर आत दुमडा, वाळताना तो आपोआप ताणला जातो.

सांगाडा दोन तास, कागद दीड तास, मधे वाळणं. शनिवारी तीन ते नऊ असा वेळ धरा.

---

पारिजात | सकाळी ९:१५

मुलांची वाटणी अशी करा : मोजणं, खुणा करणं आणि गाठी मोठ्याकडे. झिरमिळ्या धाकट्याकडे. कामट्या कापणं मात्र मोठ्या माणसानेच, तेही आदल्या रात्री उरकून ठेवावं. मुलांसमोर सुरी काढली की त्यांनाही तीच हवी असते.

सासूबाईंकडे चकलीचं पीठ मळणं देऊ नका, मनगटाला जोर लागतो. त्यांनी तळणीतला रंग पाहून सांगावं. त्या कामाला अनुभव लागतो आणि ते बसून करता येतं.

---

बुरूज | दुपारी १:२०

किल्ल्याचं. यंदा जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. महाराष्ट्रातले अकरा (साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग) आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यातला एक मुलांना निवडू द्या. बाल्कनीत करायला राजगड सोपा आहे. मधे उंच बालेकिल्ला, तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या. रचना नकाशावर पाहिली की चटकन कळते.

बाल्कनीत आधी जाड प्लॅस्टिक अंथरा आणि त्याची कड चहूबाजूंनी चार बोटं वर दुमडा. पाणी मारल्यावर चिखल खालच्या मजल्यावर उतरतो आणि भांडण होतं. पाण्याची मोरी मोकळी ठेवा.

सांगाडा विटा-दगडांचा, उलटी बादली बालेकिल्ल्याला. त्यावर गोणपाट चिखलात पूर्ण बुडवून टाका. कोरडं गोणपाट टाकून वरून माती लिंपली तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात. तीन फूट लांबी-रुंदीच्या किल्ल्याला चार-पाच पाट्या माती लागते. शेवटचा हात चाळलेल्या मातीचा. माच्या आणि पायऱ्या माती ओली असतानाच कोरा.

उताराला अळीव वीस मिनिटं पाण्यात भिजवा, ते बुळबुळीत चिकट होतात. तोच लगदा बोटांनी उतारावर लावा, खाली घसरत नाही. सपाटीला कोरडी मोहरी भुरभुरा. पाणी फवारणीच्या बाटलीने दिवसातून दोनदा. तांब्याने ओतलंत तर बी एका कोपऱ्यात गोळा होतं. पहिले दोन दिवस ऊन थेट पडत असेल तर वर ओला कपडा टाका. मावळे, तोफा १६ला मांडा, आधी मांडल्या की रोज फवारताना रंग जातो.

शनिवारी सकाळी ८ ते ११ हे मुलांचं आणि बाबांचं काम. शमीताई तेव्हा भाजणीत.

---

शमी | दुपारी २:०५

फार मोलाचं आहे हे. किल्ला शनिवार सकाळवर आणला, टीमलाही कळवलं. दोन प्रश्न. चकली तेलात टाकल्यावर मोकळी होऊन विरघळते ती कशाने? आणि चिवडा शनिवारी की रविवारी?

---

ओंजळ | दुपारी ३:३०

विरघळते, म्हणजे तेलात हसते, ती मोहन (पिठात घातलेलं तेल) जास्त झाल्याने. तुटते ती मोहन कमी झाल्याने किंवा पीठ कोरडं राहिल्याने.

४ वाट्या भाजणीला : पाणी ३ वाट्या, तेल ४ मोठे चमचे, तिखट ४ चहाचे चमचे, मीठ अडीच चहाचे चमचे, तीळ ३ मोठे चमचे, ओवा १ चमचा, हळद आणि हिंग अर्धा-अर्धा चमचा. पाणी, तेल आणि मसाला एकत्र उकळा, गॅस बंद करा, भाजणी घालून उलथन्याच्या दांड्याने हलवा, झाकून अर्धा तास ठेवा. उकड नीट मुरली नाही तर मळताना पाणी जास्त लागतं आणि चकली तेल पिते.

सगळं एकदम मळू नका. दोन सोऱ्या भरतील एवढंच घ्या, पाण्याच्या हाताने मऊ होईपर्यंत मळा, बाकीचं झाकून ठेवा. सोऱ्यात पीठ दाबून भरा, पोकळी राहिली की वेढा तिथेच तुटतो. कडा फाटल्यासारख्या येत असतील तर पाण्याचा हात, काटे दिसतच नसतील तर पीठ सैल झालंय, त्यात थोडी कोरडी भाजणी. शेवटचं टोक आधीच्या वेढ्याला दाबून चिकटवा.

पूर्ण घाणा करण्याआधी एकच चकली तळा आणि गार करून मोडून पाहा. हसली तर उरलेल्या उकडीत मोहन न घातलेली भाजणी पाण्यात भिजवून मिसळा. कडक झाली तर मळताना चमचाभर गरम तेल. या चाचणीची दहा मिनिटं वाचवायला जाऊ नका.

तेल आधी चांगलं तापवा. पिठाचा कण टाकल्यावर लगेच वर आला की चकल्या सोडा आणि आच मध्यम करा. बुडबुडे जवळपास थांबले की आतलं पाणी संपलं, तेव्हा काढा. नुसत्या रंगावर काढलेली चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते. एक घाणा सहा-सात मिनिटांचा. १ किलो भाजणीच्या साधारण ६० चकल्या होतात. कढईत चार बसत असतील तर १५ घाणे, म्हणजे नुसत्या तळणीलाच पावणेदोन तास. दुसरी कढई असेल तर दोघांनी दोन गॅसवर तळा.

---

पारिजात | दुपारी ४:१०

मोहनाला तेलाऐवजी लोणी चांगलं. चकली जास्त खुसखुशीत होते.

---

ओंजळ | दुपारी ४:२५

मान्य, पण लोण्यात पाणी असतं. ४ वाट्यांना ४ मोठे चमचे लोणी घेतलंत तर उकडीचं पाणी दोन-तीन चहाच्या चमच्यांनी कमी करा.

---

तिसरामजला | संध्याकाळी ६:००

चिवडा रविवारी संध्याकाळी पाच वाजता, तळण आवरल्यावर. रिपोर्टच्या वेळी तो ताटात गार होत असेल. पोहे मात्र शनिवारी वाळवून घट्ट डब्यात भरा, रात्रभर उघडे राहिले की पुन्हा ओल धरतात.

पातळ पोहे ५०० ग्रॅम, शेंगदाणे १५० ग्रॅम, डाळं १०० ग्रॅम, सुकं खोबरं काप करून ५० ग्रॅम, हिरव्या मिरच्या १५, कढीपत्ता दोन मुठी, तेल पाऊण वाटी. पोहे चाळून दोन भागांत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं भाजा. आच मोठी झाली की आकसतात. दाणे, खोबरं, डाळं तेलात वेगवेगळं तळून बाजूला काढा. उरलेल्या तेलात मोहरी, मग मिरच्या आणि कढीपत्ता. हे दोन्ही सकाळीच धुऊन, पुसून, पसरून ठेवा. तेलात त्यांचा चरचर आवाज पूर्ण थांबेपर्यंत परतायचं. चिवडा सादळतो तो बहुतेक वेळा मिरचीतल्या ओलीने, पोह्यांमुळे नाही. गॅस बंद करून हळद, हिंग, अडीच चहाचे चमचे मीठ, मग पोहे, आणि शेवटी २ मोठे चमचे पिठीसाखर.

---

दूरदेशी | रात्री ८:४५

आम्ही न्यू जर्सीत हेच करतो, इथल्यांसाठी दोन गोष्टी. कामट्या मिळत नाहीत, पण बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या १२ इंची मिळतात, त्या २२ सेंमीला कापा. बारीक असल्याने दोन-दोन एकत्र बांधाव्या लागतात. आणि काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर बटण कमी केलं तरी आच लगेच उतरत नाही. जाड बुडाची कढई घ्या, थर्मामीटर लावून तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसमध्ये ठेवा आणि १७५ला पोचतानाच बटण कमी करा.

---

शमी | रात्री ९:३०

तांदूळ-डाळी पसरल्या, कामट्या कापून झाल्या. शेवटचा प्रश्न सुतळीदादांना. ऑक्टोबरात संध्याकाळी अवचित सर येते. पतंगी कागदाचा रंग उतरेल ना?

---

सुतळी | रात्री ९:५५

उतरतो, आणि खळही सुटते. छताखाली किमान दोन फूट आत टांगा. तेवढी जागा नसेल तर वरच्या चौकोनाच्या थोडं वर कंदिलापेक्षा रुंद असा प्लॅस्टिकचा गोल वायरमध्ये ओवा, सर त्यावरून निथळते. वरचं तोंड प्लॅस्टिकने बंद करू नका. बल्बची ऊब आत कोंडली तर खळ मऊ पडते. होल्डरच्या वायरला गाठ मारून तिचा ताण आडव्या कामटीवर येऊ द्या, जोडावर नको.

झिरमिळ्या कंदील टांगून झाल्यावर, स्टुलावर चढून शेवटी लावा. आधी लावल्या की वायर ओढताना गुंततात आणि खालच्या त्रिकोणांचा कागद सोबत घेऊन येतात.